ढब्बूचं वजन

८ फेब्रुवारी

बाळा,

तुला देवाच्या भरवशावर इतक्या लांब कामाला धाडून महिना झाला, आणि कागद घेऊन बसायला आज कुठे फुरसत मिळाली. ढब्बू झोपली आहे. सूनबाई मागच्या दारी दुसरी दोरी बांधते आहे, कारण लंगोट वाळायला एक दोरी पुरेनाशी झाली. तुला तिकडे मिळणारी फोनची महिन्याची पाच मिनिटं तुझी आणि तिची. त्यात मी तोंड घालणार नाही. मला जे सांगायचं ते असं लिहून सांगेन.

निघताना तू म्हणालास, "आई, मिळवायचं मी बघतो, टिकवायचं तू बघ." अकरा महिन्यांची मुदत पुरी करायची, वेल्डिंगचं मशीन घेण्याइतके पैसे साठले की ढब्बूच्या पहिल्या वाढदिवसाला घरी यायचं, आणि मग कोपऱ्यावरच्या गाळ्यात स्वतःचं काम. सगळं माझ्या ध्यानात आहे. म्हणून दर पत्रात लिहीत जाईन की इकडे काय काय वाचवलं. तिकडे गोदीत आगीपुढे उभा असशील तेव्हा तुला वाटायला हवं की घरातलीही कुणी स्वस्थ बसलेली नाहीत.

तर ऐक. नाक्यावरच्या मोठ्या दुकानात कपडे धुवायच्या पावडरीचं मोठं पुडकं आहे, त्यावर ठळक अक्षरात 'बचत' छापलेलं. लोक डोळे मिटून उचलतात. मी मागचं वजन वाचलं, मनातल्या मनात भागाकार केला. लहान पुडकी घेतली तर तेवढीच पावडर कमी पैशांत पडते! गल्ल्यावरच्या बाईला सांगितलं तर म्हणाली, "मावशी, इतकी वर्षं इथे बसते, पण हे विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या." मॅट्रिकला मला गणिताने तारलं होतं, ते अजून उपयोगी पडतं.

तांदूळ मात्र तिथून नाही. बाजाराच्या मागे घाऊक वाणी आहे, तो पोत्याहून कमी विकतच नाही. सबंध पोतं आपल्याला संपत नाही, किडे पडतात. म्हणून शेजारच्या शिंपीणबाई आणि मी मिळून एक पोतं आणतो. वाटे करायची रीत ठरवून टाकली आहे. एकीने दोन ढीग करायचे आणि दुसरीने आधी उचलायचं. त्यामुळे ढीग करणारी असे करते की देवालासुद्धा डावंउजवं सांगता येऊ नये.

तू आणून ठेवलेली डायपरची थैली कपाटात वर ठेवली आहे. जुन्या चादरी फाडून लंगोट केले. चादर जितकी जुनी तितकी मऊ. डायपर फक्त दवाखान्यात जाताना. सूनबाई म्हणते, "म्हणजे आई, ते ढब्बूचे बाहेर जायचे कपडे." तोंडाची फटकळ आहे पण कामाला वाघ आहे.

मी ठणठणीत. चहा हल्ली कोराच घेते, सवय झाली की तोच बरा लागतो. सकाळी देवापुढे वात लावते ती तुझं नाव घेऊनच.

तुझी आई


२९ मार्च

बाळा,

पत्र आलं, आणि त्याच्या आधी जास्तीचे पैसे आले. कशाला? मी मागितले होते का? "दुधाचा चहा पी" म्हणून सुट्टीच्या दिवशी जादा पाळी करायची आणि ते पैसे मी चहात ओतायचे, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मशीनच्या खात्यात भरून आले.

पुढच्या खोलीचं तुला सूनबाईने सांगितलेलं दिसतं. मी सांगणारच होते. अरे, खोली रिकामीच तर पडली होती. शिंपीणबाईंना शिलाईची दोन मशीनं ठेवायला जागा हवी होती, भाडं वेळेवर देतात, वर उरलेल्या चिंध्यांची ढब्बूसाठी दुपटी शिवून देतात. सूनबाई माझ्याजवळ आतल्या खोलीत झोपते. मधे ढब्बू. तिघींना ऊब राहते. तुमचा पलंग उभा करून भिंतीला लावला आहे, त्याला काही झालेलं नाही.

बाजारात आता मी आवराआवरीच्या वेळी जाते. भाजीवाल्यांना ओझं परत न्यायचं नसतं, तेव्हा भाव आपोआप खाली येतो. थोडं निवडावं लागतं, कुजकं काढावं लागतं, पण निवडायला हात आहेत की. साबणाचे उरलेले तुकडे जुन्या मोज्यात भरते, त्याचा शेवटपर्यंत फेस होतो. तेलाची बाटली संपली असं सूनबाई म्हणाली की मी ती भांड्यावर उलटी टेकवून ठेवते. दुसऱ्या दिवशी फोडणीपुरतं तेल निघतंच. सूनबाई शिंपीणबाईंना सांगत होती, "आमच्या आई देवाकडे सुखसुद्धा पावकिलोच मागत असतील." मी आत ऐकत होते. हसू आलं, पण दाखवलं नाही.

धुण्याने बोटांची सालं निघाली आहेत. होतं असं. तू गोदीत हाताला तेल लावत जा.

देव तुला सुखरूप ठेवो.
आई


११ जून

बाळा,

खोकं मिळालं. दुधाच्या पावडरीचे सहा डबे, डायपरचा हा एवढा गठ्ठा, मलम, आणि दाबलं की वाजणारं ते बदक. ढब्बूने बदकाकडे ढुंकून पाहिलं नाही, खोक्याच्या दोरीशी मात्र दुपारभर खेळली. ती आपल्या घरची शोभते.

खरं लिहायचं तर मी चार डबे पिशवीत घालून नाक्यावरच्या दुकानात गेले होते. म्हटलं बदलून तेल-साखर देतात का बघू. ढब्बू आईच्या अंगावर पिते, वर आता तांदूळ आणि डाळ भाजून दळून केलेलं पातळसर भरवतो, ते मिटक्या मारत खाते. डबे लागतात कुणाला? गल्ल्यावरची बाई म्हणाली, "मावशी, आमच्याकडून घेतलेलं नसलं तर आम्ही परत कसं घेणार?" परत आले तर सूनबाई दारातच उभी.

"आई, तुम्ही त्यांना पत्रात काय लिहिता हो?"

"खरं तेच लिहिते."

"तेच तर! दर पत्रानंतर तिकडून काहीतरी येतं. मी फोनवर सांगते, सगळं छान आहे. ते म्हणतात, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस, आईचं पत्र खरं बोलतं."

"मग बरोबरच आहे. मी कधी खोटं लिहिलंय?"

"खोटं नाही हो आई. पण तुम्ही वाचवलेलं तेवढं लिहिता, खाल्लेलं लिहीत नाही."

मी म्हटलं, खाल्लेलं काय लिहायचं, ते पोटात गेलं.  मग थोड्या वेळाने डायपरचा विषय निघाला. तिचं म्हणणं, एवढे आले आहेत तर रात्री एक वापरू, ढब्बू ओली होऊन उठते, तिच्या मागे आपण दोघी उठतो. मी म्हटलं, एका डायपरची किंमत बघ. तर म्हणते कशी, "आणि आपली झोप, आई? ती तुम्ही हिशेबाच्या वहीच्या कुठल्या रकान्यात लिहिता?"

मी गठ्ठा सोडला. शेवटी रात्रीला एक, दिवसा लंगोट, असा तह झाला. आठवडा झाला, तिघीही पहाटेपर्यंत झोपतो. माझी कंबर धरत होती ती सुटली. हे तिला फोनवर सांगू नकोस.

असं काही पाठवू नकोस आता. आम्हाला तू हवा आहेस, खोकी नकोत.

आई


२६ ऑगस्ट

बाळा,

आज थोडक्यात लिहिते. दमले आहे.

ढब्बूला चार दिवस ताप होता, आता उतरला. दात येतात तेव्हा येतो म्हणाले डॉक्टर. बाटलीभर औषध दिलं, पण अर्ध्यानेच काम झालं. सूनबाई चार दिवस जेवायला बसली नाही धड. मी देवाला म्हटलं, हिचा ताप मला दे, मला झेपेल. त्याने दिला नाही, पण तिचा काढून घेतला, म्हणजे ऐकलं अर्धं.

ढब्बू आता रांगते. पोतं दिसलं की त्याच्याकडे जाते आणि धरून उभी राहायला बघते. तुझा फोटो दाखवला की फोटोच्या मागे हात घालून बघते, मागे कुणी आहे का म्हणून.

मशीनचे पैसे जवळजवळ झाले. साडेतीन महिने कसेतरी ढकलायचे.

आई


२० सप्टेंबर

बाळा,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. सूनबाईने उभ्याउभ्या वाचलं, माझ्या हातात दिलं आणि लंगोट धुवायला गेली. सगळे धुऊन दोरीवर घातलेले होते. तिने ते काढले आणि पुन्हा धुवायला बसली. तेव्हापासून आज सकाळपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती. ताट वाढते, समोर ठेवते, निघून जाते.

आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही केलीस. कुणाला न विचारता. तू लिहितोस, "आई कोरा चहा पिते, बायको एका खोलीत अंग चोरून झोपते, माझं पोर फाटक्या चादरीत, औषधाची बाटली अर्धी जपून ठेवायची, तांदूळ आणायला दोन घरांना एक व्हावं लागतं. मी कुठल्या तोंडाने घरी येऊन गाळा उघडू? मशीन राहू दे. आधी तुमच्या पोटाचं बघतो."

अरे बाबा, काय वाचलंस तू! मी काटकसर लिहिली, तू उपासमार वाचलीस.

चादर फाटकी नाही, मी फाडली. अर्धी बाटली जपून ठेवली नाही, ताप उतरला म्हणून उरली. पोतं अर्धं घेतो ते पैसे नाहीत म्हणून नाही, किडे पडतात म्हणून. तुला हे सगळं मी आनंदाने लिहीत होते रे. लहानपणी तू चांगले मार्क पडले की धावत येऊन दाखवायचास, तसं. मला वाटायचं, एकेक पुडकं वाचवलं की तू एकेक दिवस अलीकडे येतोस. आणि तू प्रत्येक पत्रागणिक एकेक पाऊल लांब जात होतास.

आज मीच जाऊन सूनबाईजवळ दगडावर बसले. म्हटलं, "त्याला लिहिते, मशीनपुरते पैसे झाले म्हणून. पासबुकातला आकडा उतरून पाठवते."

ती पिळे मारत राहिली. मग न बघता म्हणाली, "ते म्हणतील, पोटाला चिमटा काढून साठवले."

"मग लिहिते, मजेत आहोत, खातोपितो."

"मग म्हणतील, आई आता लपवायला लागली."

खरंच आहे तिचं. मी कसंही लिहिलं तरी तू उलटंच वाचणार, अशी वेळ मीच आणली. ढब्बू दोन वर्षांनी तुला बघेल तेव्हा माझ्या मागे लपेल आणि विचारेल, हा माणूस कोण. सूनबाई ते बोलत नाही, पण पिळे मारते त्यात मला ऐकू येतं.

तूच लिहिलंस की तुझ्याबरोबरच्या फिटरने कागद परत घेतला, मुदत संपायच्या महिनाभर आधी लेखी द्यावं लागतं. म्हणजे अजून वेळ आहे. देवापुढे बसून विचार करते.

आई


८ ऑक्टोबर

बाळा,

सोबत वाण्याच्या दुकानाची चिठ्ठी जोडली आहे. आधी हे वाच, मग ती बघ.

काल तांदळाचा दिवस होता. वाण्याच्या दारात पोती तोलायचा काटा असतो ना, लोखंडी पाटाचा, वर आकडे उजळतात आणि चिठ्ठी छापून बाहेर येते, तो. मी तिथे उभी होते आणि एकदम डोक्यात आलं. सूनबाईला म्हटलं, "ढब्बूला दे इकडे." तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

वाणी म्हणाला, "मावशी, दवाखाना पलीकडच्या गल्लीत आहे."

"तिथे पैसे पडतात. तू फुकट करशील."

"करतो की! पण नातीला पाटावर ठेवून कुठल्या भावात देताय?"

"भाव विचारू नकोस. वजन सांग."

त्याने टोपल्यात स्वच्छ गोणपाट घातलं. मी आधी टोपलं ठेवून काटा शून्यावर आणायला लावला. मग ढब्बूचे मोजे काढले, टोपडं काढलं. सूनबाई म्हणाली, "आई, अहो गारठेल ती." तरी मी लंगोटही काढला. ओला होता. उद्या तू म्हणशील, ओल धरून वजन भरलं.

तेव्हा सूनबाई हसली. तोंडावर हात धरून आधी, आणि मग मोठ्याने, पोत्याला टेकून. हसताहसता रडायलाही लागली. तुझं पत्र आल्यापासून तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. ढब्बू टोपल्यात उघडी बसून तिच्याकडे बघून टाळ्या पिटत होती, त्यामुळे आकडा काही थांबेना. वाणी म्हणतो, "असा माल मी आजवर तोलला नाही, सारखा कमी-जास्त होतोय."

थांबला तेव्हा नऊ किलो चारशे ग्रॅम. तू गेलास तेव्हा दवाखान्याच्या कार्डावर साडेचार होते. भागाकार तूच कर.

चिठ्ठीवर 'तांदूळ, उत्तम प्रत' असं छापलंय, त्याला इलाज नाही. मालाचं नाव दाबल्याशिवाय काटा चिठ्ठी देत नाही. खाली किंमतही आपोआप आली होती, ती वाण्याने पेनाने खोडली आणि शिक्का मारला. मी म्हटलं खोड नीट, आमचा पोरगा काहीही वाचतो.

मग सूनबाई चढली. चोपन्न. लग्नात होती त्याहून तीन जास्त. तिला ते आवडलं नाही, पण वाण्याला त्याच चिठ्ठीवर लिहू दिलं.

शेवटी मला चढवलं. माझे मागच्या वर्षापेक्षा दोन किलो कमी भरले. लपवत नाही, चिठ्ठीत आहेत. पण ते दोन किलो गरिबीने नेलेले नाहीत बाळा, माझ्या हेक्याने नेले. घरात दूध होतं. मी चहात घालत नव्हते, इतकंच. एकाने तरी काहीतरी सोडल्याशिवाय देव ऐकत नाही, असं मला वाटत होतं. सूनबाई वाण्याच्या दुकानातच म्हणाली, "आई, देवाला तुमचं दूध नको असेल हो. त्याच्याकडे समुद्रच्या समुद्र आहेत." घरी आल्यावर तिने माझ्या कपात दूध ओतलं आणि मी पिऊन संपवेपर्यंत समोर बसली. आज सकाळीही बसली. जेलरसारखी.

माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवू नकोस. त्या काट्यावर ठेव. त्याला कुणाला बरं वाटावं म्हणून बोलता येत नाही.

आणि कागदाचं बघ. वेळ थोडा आहे.

आई


९ नोव्हेंबर

बाळा,

परवाच्या फोनला तू पहिल्यांदा मला बोलावलंस. सूनबाईने ओल्या हातानेच फोन माझ्या कानाला लावला. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज, आणि विचारलंस काय, तर, "आई, आज चहा कसला घेतलास?"

मी म्हटलं, "दुधाचा."

"खरं?"

मी काही बोलायच्या आत मागून सूनबाई ओरडली, "खरं! मी ओतला!"  मिनिटं चालली होती. शेवटी म्हणालास, "उद्या ऑफिसात जातो, कागद परत मागतो." आणि फोन कट झाला.

जातो म्हणालास. गेलास का, ते कळायला तुझं पत्र यायला हवं, आणि मला आता वाट बघण्याचा कंटाळा आला आहे. खरंच आला आहे. धुणं, निवडणं, बाजार, हे सगळं अजून वर्षानुवर्षं करीन, त्याचा शीण रात्री झोपलं की जातो. वाट बघण्याचा जात नाही. देवापुढे बसते तेव्हा हल्ली काही मागत नाही. नुसती बसते.

म्हणून मी माझ्यापुरतं उरकून टाकलं. शिंपीणबाईंना सांगितलं, महिनाअखेर पुढची खोली मोकळी करा. त्या वाण्याच्या शेजारची पडवी घेणार आहेत, राग नाही. जाताना म्हणाल्या, "ताई, तुम्ही भाडं सोडताय? तब्येत बरी आहे ना?" पलंग आम्ही दोघींनी मिळून आडवा केला. एक पाय डुगडुगतो, तो तू आल्यावर बघ.

आणि काल तांदूळ आणला. वाण्याने नेहमीसारखा दोरा सोडायला घेतला, दोन पिशव्या पसरल्या आणि म्हणाला, "बोला मावशी, आज ढीग कुणी करायचे?"

मी म्हटलं, "ढीग नाही करायचे. सबंध घेऊन जाणार."

"सबंध? तुम्हा दोघींना आणि त्या टोपल्यातल्या मालाला?"

"खाणारा येतोय."

हमालाने आणून स्वयंपाकघरात ठेवलं. ढब्बू त्याला धरून उभी राहिली आहे, एक हात सोडून बघते, पुन्हा धरते. सूनबाई म्हणते, वाढदिवसाच्या आत चालेल.

तर असं आहे. सबंध पोतं आम्हाला संपणार नाही. मी ते उघडलं आहे, शिवलेलं तोंड सोडून टाकलं आहे, आता वाणी परत घेणार नाही. फाल्गुनाच्या उन्हापर्यंत त्यात किडे होतील. माझ्या घरात आजवर तांदळाचा एक दाणा किड्याने खाल्लेला नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

आई